छत्रीचं तोंड दक्षिणेला

निवृत्ती सरवदे एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. रिटायर झाला त्या वर्षी त्यानं एक जुना टेम्पो घेतला. मागच्या अर्ध्या भागात डाळीची गिरणी बसवली आणि पुढच्या अर्ध्यात संसार मांडला. एक बाज, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, बुद्धाची तसबीर आणि फळीवर दोरीनं आवळून बांधलेला टीव्ही. पौषात तुरी निघाल्या की तो आणि त्याची बायको सिंधुबाई अंबाजोगाई सोडायचे आणि चैत लागेपर्यंत बालाघाटातल्या वाड्यावस्त्या फिरायचे. खाण्यापुरती डाळ करायला लोकांना तालुक्याला जायची गरज पडत नसे, गिरणीच दारात यायची. तुरीला तेलपाण्याचा हात लावून बायका ती अंगणात वाळत घालत, त्यामुळं एकेका वाडीवर तीन-चार दिवस सहज मोडायचे.

या डोंगरात मोबाइलला रेंज मिळत नाही. टीव्हीच्या छत्रीला मात्र मोकळं आभाळ दिसलं की पुरतं. टेम्पो थांबला की निवृत्ती टपावर चढून छत्री बसवायचा. तोंड दक्षिणेला, जरासं उगवतीकडं कललेलं. आत सिंधुबाई टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघत उभी राहायची.

“आलं का?”

“न्हाई.”

“आता?”

“आलं. आवो, थांबा, गेलं की.”

कधी पाच मिनिटांत जमायचं, कधी अर्धा तास लागायचा. डोंगर आडवा आला तर टेम्पोच पुढं-मागं घ्यावा लागे. पण संध्याकाळी साडेसातच्या आत चित्र आलं नाही, असं तीन हंगामांत एकदाही झालं नव्हतं. चित्र आलं की निवृत्ती खाली उतरायचा, टेम्पोच्या मागं जायचा आणि टेम्पोकडं पाठ करून दगडावर बसायचा.

साडेसातच्या मालिकेत त्यांची मुलगी काम करत होती.

ज्योत्स्नाचं काम लहानसंच होतं. एका बड्या घरातली स्वयंपाकीण. दिवसाला दोन-तीन वाक्यं, कधी नुसतंच ट्रे घेऊन मागं उभं राहायचं. सात वर्षांपूर्वी साखरपुडा झालेला असताना ती नर्सिंगचं शेवटचं वर्ष अर्धं टाकून मुंबईला निघून गेली होती. मुलाकडचे लोक घरी येऊन बोलू नये ते बोलून गेले. त्या दिवशी निवृत्तीनं भावकीत सगळ्यांना सांगितलं, की तिचं नाव यापुढं माझ्यासमोर कुणी काढायचं नाही. कुणी काढलं नाही. सिंधुबाईनंही नाही. मालिका सुरू झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “टेम्पोत टीव्ही पायजे.” निवृत्तीनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो टीव्ही आणि छत्री घेऊन आला.

त्याला मालिका दिसत नसे, पण ऐकू यायची. सिंधुबाई आवाज मोठा ठेवायची. तो कुणासाठी, हे दोघांनाही माहीत होतं.

गेल्या माघात ते लिंबाच्या वाडीवर होते. गुरुवारी दुपारी गिरणीचा पट्टा तुटला. पाटोद्याहून नवा मागवायचा तर फोन करायला हवा, म्हणून निवृत्ती डोंगर चढून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत गेला. रेंज आली तसा खिशातला फोन थरथरायला लागला आणि बराच वेळ थांबेचना. सगळे फोन पवनचे होते. पवन त्याचा पुतण्या, अंबाजोगाईत शिक्षक होता. निवृत्तीनं पट्ट्याचं बाजूला ठेवून आधी त्याला फोन लावला.

“काका, जयभीम. कुठं हाईत तुमी? तीन दिस झाले लावतोय.”

“डोंगरात हाय. काय झालं?”



“ज्योत्स्नाताई गेली, काका.”

“कुठं गेली?”

“वारली, काका.”

निवृत्ती रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसला. पवन सांगत होता. कावीळ झाली होती. काम सुटेल म्हणून तिनं तीन आठवडे अंगावर काढली. मेकअप करून रोज कामावर जात होती. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. परवा पहाटे संपलं. सोबत राहणाऱ्या मुलींनी तिच्या वहीतून पवनचा नंबर शोधून काढला, तो तसाच रातोरात गाडीत बसून मुंबईला गेला.

“एक दिस ठिवली, काका, तुमची वाट बघत. पुढं ठिवता येईना. काल दुपारी मीच अग्नी दिला.”

“आजारी व्हती तवा कावून न्हाई कुणी कळवलं?”

“त्या पोरी म्हणत व्हत्या, ताईनंच सांगितलं व्हतं. घरी फोन करू नका म्हणली. माझ्या बापाला माझ्याशी बोलायची बळजबरी नको, म्हणली.”

एक ट्रक घाट चढत गेला. निवृत्तीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काकूला कसं सांगायचं ते तुमी बघा,” पवन म्हणाला. “अन आणखीन एक. तिचं शूटिंग झाल्यालं अजून थोडं दाखवायचं बाकी हाय. पुढच्या शुक्रवारी तिचा शेवटचा भाग लागनार हाय. त्या दिवशी सुरुवातीला तिचा फोटू दाखवनार हायेत. काकूनं एकदम तसं बघायला नको.”

निवृत्ती उतरायला लागला तेव्हा ऊन कललं होतं. पट्ट्याचा फोन करायचा राहूनच गेला. वाटेत तो मोठ्यानं बोलून बघत होता. सिंधू, जरा बस. सिंधू, पवनचा फोन आलता. शब्द तोंडातून निघत होते, पण पुढचं वाक्य येत नव्हतं.

सिंधुबाई बायकांसोबत डाळ चाळत बसली होती. डाळीच्या चुनीनं तिच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या.

“लागला का फोन?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मंग एवढा येळ?”

“रेंजच न्हवती.”

“बरं, उद्या कुणाकडून तरी आणवू पट्टा. तुमी आता वर चढा, साडेसात व्हायला आलेत.”

तो चढला. छत्री धरली. खालून ती “न्हाई, न्हाई, जरा इकडं,” म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, “आलं.” तो नेहमीसारखा मागं जाऊन बसला. थोड्या वेळानं आतून ज्योत्स्नाचा आवाज आला. “दूध नासलंय, वहिनीसाहेब. दुसरं मागवते.” निवृत्तीनं खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला आणि मालिका संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मालिका संपल्यावर सिंधुबाई टीव्ही बंद करून बाहेर आली. अशी ती कधी यायची नाही. भाकरी टाकायला बसायची. आज येऊन त्याच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “पोरगी वाळलीय.”

सात वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्यासमोर मुलीबद्दल बोलली होती. कदाचित कालपासून त्याच्या तोंडाकडं बघून तिला काही वाटलं असेल. त्यानं नुसतं “हं” म्हटलं. तेवढ्यानं तिला धीर आला. ती खाली बसली.

“तुमी चिडनार नसाल तर सांगते,” ती म्हणाली. “मी बोलत असते तिच्याशी. वर्सातून दोनदा, माझ्या थोरल्या अक्काच्या फोनवरून.”

“चिडत न्हाई. सांग.”

आणि ती सांगू लागली. सुरुवातीला पोरगी एका शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करत होती. मग नाटकाच्या कपड्यांना इस्त्री करायचं काम मिळालं. तिथं कुणीतरी आजारी पडलं म्हणून एक दिवस तिलाच नाटकात उभं केलं. पोहे अजूनही आईसारखेच करते, शेंगदाणे जरा जास्त. एक मांजर पाळलंय. लग्नाचं विचारलं तर हसते. निवृत्ती ऐकत होता. मधेच विचारत होता, मांजर कसल्या रंगाचं, राहायला कुठं, जिना किती उंच. सिंधुबाईला ठाऊक असेल तेवढं ती सांगायची, नसेल ते पुढच्या वेळी विचारते म्हणायची.

शनिवारीही तेच झालं. रविवारी मालिका नसते, तरी दोघं टेम्पोच्या मागं जाऊन बसले. सोमवारी त्यांनी भाकरी तिथंच खाल्ली. एवढा हसरा चेहरा त्यानं बायकोचा कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. ती म्हणाली, “चैतात गिरणी बंद झाली की मुंबईला जाऊन येऊ. तुमी खाली रस्त्यावर थांबा पायजे तर. मी वर जाऊन येते.”

“मी बी येईन वर,” निवृत्ती म्हणाला.

हे बोलल्यावर आता आपल्याला काहीच सांगता येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

पट्टा आला होता. गिरणी दिवसभर चालायची. निवृत्ती काम करत राहायचा, तुरीची पोती उचलायचा, लोकांशी बोलायचा. गिरणीच्या आवाजात कुणाला कळत नाही म्हणून एकदोनदा तो रडलाही. डोळे पुसताना कुणी बघितलं तर म्हणायचा, भुसा गेला.

मंगळवारी मालिका अर्धी झाली असताना सिंधुबाई बाहेर आली.

“तिचे डोळे पिवळे दिसत्यात.”

“टीव्हीचा रंग बिघडला असंल.”

“मंग बाकीच्यांचे कावून न्हाईत?”

 ती आत गेली, पुन्हा बाहेर आली.

“कावीळ हाय ती. माझी मावशी अशीच गेली. डोळ्यापासून सुरू झालतं. अंगावर काढून चालत न्हाई. उद्या सकाळी मी तुमच्यासंगं वर रस्त्याला येते. अक्काकडून नंबर घेऊ अन फोन लावू. मांजरसुंब्याच्या पलीकडं एक बाई झाडपाल्याचं देती, ते पवनसंगं धाडू.”

“उद्या बघू.”

“बघू न्हाई. उद्याच.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत निवृत्तीनं टेम्पो चालू केला. ती जागी होऊन पुढं येऊन बसेपर्यंत गाडी वाडी सोडून उतारावर लागली होती. खालच्या बेचक्यातल्या वस्तीवरून बोलावणं आलंय, लोकांच्या तुरी वाळून पडल्यात, असं त्यानं सांगितलं. तिथून रेंज मिळणारा डांबरी रस्ता सहा-सात कोस लांब होता. फोनचं काय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, इथलं आटपलं की जाऊ. ती दर वळणावर मागं वळून वरच्या रस्त्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी तो टपावर चढला. छत्रीमागच्या बोल्टाचा नट त्यानं काढून खिशात टाकला. आता कितीही फिरवलं तरी छत्री मान टाकत होती. खालून ती म्हणत होती, न्हाई, न्हाई, अजून न्हाई. अर्ध्या तासानं तो उतरला.

“बिघडली,” तो म्हणाला.

सिंधुबाई निळ्या पडद्यासमोर बसून राहिली. आठ वाजता उठली आणि घाईनं शेगडी पेटवली. गुरुवारीही तसंच झालं.  त्या दिवशी ती थोडंच जेवली.

शुक्रवारी दिवसभर गिरणी चालली. वस्तीवरची भिवराबाई तिची तूर घेऊन आली होती. म्हातारी एकटीच राहायची, सिंधुबाईशी दोन दिवसांत तिची गट्टी जमली होती. काम संपल्यावर निवृत्ती अंगाचा भुसा धुवायला ओढ्यावर गेला. मुद्दाम वेळ काढला. साडेसात वाजून जाऊ देत, म्हणजे आजचा दिवस पार पडला, असा त्याचा हिशेब होता. अंधार पडून बराच वेळ झाला, थंडी सोसवेना, तसा कुडकुडत तो परत निघाला.

टेम्पोजवळ येतो तो टपावर सिंधुबाई. तिनं पदर कमरेला खोचला होता. बाजूला त्याच्या हत्यारांची पेटी उघडी होती. साठीची बाई शिडीनं पेटी घेऊन वर चढली होती.

“सिंधू, खाली ये. पडशील.”

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. पाना फिरवत म्हणाली, “नट न्हवता. दुसरा लावला.”

“खाली ये म्हणतो ना.”

“नट आपुआप पडत नसतो. पडला असता तर इथं टपावर घावला असता.” मग तिनं खाली आवाज दिला, “भिवराबाई, आलं का?”

आतून म्हातारी म्हणाली, “न्हाई, बाई. निळंच हाय.”

निवृत्ती शिडीचा खालचा दांडा धरून उभा राहिला. वर चढून तिचा हात धरता आला असता. टीव्हीच्या बॅटरीची वायर तर हाताशी होती, ती ओढली असती तरी झालं असतं. तो उभाच राहिला.

“आता?”

“थांबा, थांबा. आलं, बाई. चित्र आलं.”

सिंधुबाई नट आवळत होती. आतून भिवराबाई बोलत होती, “कुणाचा तरी फोटू दाखवत्यात. हार घातल्याला. तरणीताठी पोर हाय, बिचारी. खाली काय की लिवलंय. बाई, तुमच्याच नाकाडोळ्याची दिसती.”

पान्याचा आवाज थांबला. सिंधुबाई एकेक पायरी चाचपत शिडीनं उतरली. निवृत्तीनं आधाराला हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. ती आत गेली तोवर फोटो जाऊन मालिका सुरू झाली होती. पडद्यावर ज्योत्स्ना ट्रे घेऊन उभी होती आणि पंगतीला वाढायचं का, असं कुणाला तरी विचारत होती. गालाची हाडं वर आली होती. मेकअप असूनही डोळे हळदीसारखे.

“काय लिवलं व्हतं?” सिंधुबाईनं भिवराबाईला विचारलं.

“मला कुठं वाचता येतंय, माय.”

सिंधुबाई दाराकडं वळली. निवृत्ती तिथं उभा होता. ओल्या कपड्यातून पाणी ठिबकत होतं.

“तुमी सांगा. काय लिवलं व्हतं?”

“सिंधू, ती गेली. कावीळच व्हती.”

“कवा?”

“आज धा दिस झाले. पवननं अग्नी दिला. मला मागल्या आठवड्यात, गुरुवारी कळलं.”

भिवराबाईनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला. सिंधुबाई म्हणाली, “राहू द्या.” ती बाजेवर बसली आणि मालिका शेवटपर्यंत बघितली. ज्योत्स्ना आणखी दोनदा आली. दुसऱ्या वेळी तिला वाक्य नव्हतं. दार लावून ती निघून गेली, आणि मग जाहिराती लागल्या. तेव्हा सिंधुबाई आडवी झाली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वस्तीवरची माणसं कंदील घेऊन धावत आली.

लोक पांगल्यावर भिवराबाई तिच्या उशाशी बसून राहिली. निवृत्ती दारातच होता. बऱ्याच वेळानं सिंधुबाई उठून बसली.

“मी तुमाला तिच्या गोष्टी सांगत व्हते,” ती म्हणाली. “मांजराचं सांगितलं. चैतात जायचं बोलत व्हते. तवा तुमाला ठावं व्हतं.”

“व्हय.”

“अन तुमी इचारत व्हता, जिना किती उंच हाय.”

 

सकाळी दुधाची जीप मांजरसुंब्याला जायला निघाली, तिच्यात ती बसली. दोन लुगड्यांची पिशवी तेवढी घेतली. निवृत्ती चप्पल घालून निघाला तेव्हा म्हणाली, “लोकांच्या तुरी भिजवून पडल्यात. त्या नासतील. तुमी मागून या.” भिवराबाई तिच्यासोबत मांजरसुंब्यापर्यंत गेली आणि तिला अंबाजोगाईच्या एसटीत बसवून आली.

निवृत्तीनं तीन दिवसांत वस्तीवरच्या तुरी भरडून दिल्या आणि टेम्पो घेऊन घरी गेला. पवननं घरासमोर मांडव घालून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. मुंबईहून ज्योत्स्नासोबतच्या दोन मुली आल्या होत्या. त्यांनी तिचे कपडे आणि एक वही आणली. सिंधुबाई त्यांना कुशीत घेऊन बसली, त्यांना जेवू घातलं, एसटी स्टँडवर पोचवून आली. निवृत्तीनं त्या मुलींना मांजराचं विचारलं. एक म्हणाली, “ते शेजारच्यांनी नेलं, काका.” रंग विचारायला त्याला तोंड झालं नाही.

सिंधुबाई घरातच राहते. त्याला भाकरी करून घालते, औषधाची आठवण करते, पाहुण्यांसमोर नीट बोलते. टेम्पो पवनच्या ओळखीनं एकाला भाड्यानं दिला, या हंगामात तो दुसराच माणूस चालवतो आहे.

मागच्या महिन्यात एकदा दोघं ओट्यावर बसले असताना निवृत्ती म्हणाला, “नाटकात तिला एक दिस उभं केलं, तवाचं सांगत व्हतीस. पुढं काय झालं ते राहिलं.”

सिंधुबाई शेंगा सोलत होती. तिनं हातातली शेंग सोलून संपवली.

“सांगून झालं तेवढं,” ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.